आजारपण कीं नुसतें म्हातारपण?

घरांतील वडीलधारें माणूस अंथरुणास खिळलें म्हणजे त्याची सेवा कोणी करावयाची, हा प्रश्न आपल्या कुटुंबांतून पूर्वीं फारसा विचारला जात नसे. सून होती, लेक होती, एखादी माहेरीं परत आलेली आत्याबाई होती. आणि ज्या घरांत यांपैकीं कोणीच नसे तेथें शेजारधर्म होता. सेवा होई, पण तिचा हिशेब कोणी ठेवीत नसे. आतां तो ठेवण्याची वेळ आली आहे. घरें लहान झालीं, मुलें दूर देशीं गेलीं, सुना कचेरींत जाऊं लागल्या, आणि वैद्यकशास्त्राच्या कृपेनें माणसें पूर्वीपेक्षां पुष्कळच अधिक वर्षें जगूं लागलीं. त्यामुळें सेवा कोण करील या प्रश्नाच्या पाठोपाठ तिचा खर्च कोण सोशील हा दुसरा प्रश्नही आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना पुष्कळांची दृष्टि इंग्लंडकडे जाते. “तिकडे काय, म्हाताऱ्या माणसांचें सारें सरकारच पाहतें,” असें आपण सहज बोलून जातों. ज्यांचा मुलगा, पुतण्या किंवा जांवई तिकडे स्थायिक झाला आहे अशीं घरें आमच्या वाचकांत थोडीं नसतील, आणि त्यांच्या बोलण्यांतूनही हाच समज पसरतो. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची ओळख बहुतेक कुटुंबांना अगदीं नको त्या वेळीं, म्हणजे इस्पितळाच्या दारांत, होते. ती ओळख थोडी आधीं करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एकाच दिवशीं दोन कायदे

१९४८ सालच्या जुलै महिन्याच्या ५ तारखेस ब्रिटनमध्यें दोन कायदे एकदमच अंमलांत आले. एका कायद्यानें ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ म्हणजे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. आजारी माणूस लखपति असो वा मोलमजूर असो, त्यानें इस्पितळांत जावें, उपचार घ्यावे, आणि बाहेर पडतांना कोणासही कांहीं देऊं नये, हें तिचें ब्रीद. दुसरा कायदा ‘नॅशनल असिस्टन्स ॲक्ट’ या नांवाचा. त्यानें गोरगरिबांस कामगृहांत कोंडणाऱ्या जुन्या ‘पुअर लॉ’चा शेवट केला, आणि ज्या वृद्धांना सांभाळण्यास कोणी नाहीं त्यांच्यासाठीं निवासगृहें चालविण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकली. मात्र अशा गृहांत राहणाऱ्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें खर्च द्यावा, असें त्यांतच ठरलें.

म्हणजे पहिल्याच दिवशीं एक रेघ आंखली गेली. रेघेच्या एका बाजूस आजार. त्याचा खर्च सर्व राष्ट्राचा. दुसऱ्या बाजूस सांभाळ. त्याचा खर्च ज्याचा त्याचा. कागदावर ही रेघ सरळ दिसते. पण ऐंशी वर्षांच्या बाईला पक्षाघात झाला, स्मृति गेली, घांस गिळतां येईना, रात्र रात्र डोळ्यास डोळा लागेना, तर ती आजारी आहे कीं नुसती म्हातारी आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर त्या देशांत हजारों पौंड, आणि कित्येकदां राहतें घर, अवलंबून असतें.

प्रथम प्रथम ही अडचण तितकीशी भासत नसे. इस्पितळांतच वृद्धांचे मोठमोठे वॉर्ड असत. रोगी तेथें वर्षानुवर्षें राहत आणि त्यांचा खर्च आरोग्यसेवा सोशी. या वॉर्डांशीं आपल्या लोकांचा निकटचा संबंध आहे. १९६० नंतरच्या काळांत भारत व पाकिस्तान येथून जे तरुण डॉक्टर तिकडे गेले, त्यांना नामांकित शाखांतून सहसा शिरकाव मिळत नसे. वृद्धरोगांची शाखा त्या वेळीं तेथील डॉक्टरांस कमी प्रतिष्ठेची वाटे, म्हणून ती उभारण्याचें पुष्कळसें काम या परदेशी डॉक्टरांच्या वांट्यास आलें. पुढें १९८० नंतर हे वॉर्ड हळूहळू बंद होत गेले, वृद्धांची रवानगी खासगी शुश्रूषागृहांत होऊं लागली, आणि १९९३ च्या एप्रिलपासून त्यांच्या सांभाळाची व्यवस्था पाहण्याचें व त्यांची ऐपत तपासण्याचें काम कौन्सिलांकडे आलें. रोगी तेच राहिले व रोगही तेच राहिले; पलंग तेवढा रेघेच्या पलीकडे सरकला.

ऐपतीची मोजदाद

पलंग सरकल्यानें काय होतें तें पाहा. इंग्लंडांत ज्याच्याजवळ २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असेल, त्याला शुश्रूषागृहाचा सर्व खर्च स्वतः द्यावा लागतो. १४,२५० पौंडांच्या आंत मालमत्ता असेल तर ती हिशेबांत धरीत नाहींत, निवृत्तिवेतनासारखें उत्पन्न तेवढें घेतात. या दोहोंच्या मध्यें असणाऱ्यास, वरच्या दर २५० पौंडांमागें आठवड्यास १ पौंड उत्पन्न आहे असें मानून, आपला वांटा द्यावा लागतो. हे आंकडे २०१० सालचे आहेत. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत महागाई कितीही वाढली तरी ते जागचे हलले नाहींत.

माणूस कायमचा शुश्रूषागृहांत गेला म्हणजे त्याचें राहतें घरही मालमत्तेंत धरतात. त्या घरांत पति किंवा पत्नी, अथवा साठ वर्षें पूर्ण झालेला नातलग राहत असेल तर मात्र धरीत नाहींत. पहिले १२ आठवडे घराकडे पाहत नाहींत. पुढेंही घर विकावयाचें नसेल तर कौन्सिल खर्चाची रक्कम घरावर बोजा म्हणून चढवून ठेवते, आणि घर विकलें गेलें म्हणजे ती वसूल करते. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस येथें एक गोष्ट चटकन दिसेल. मुलगा व सून सासूच्याच घरांत राहत असलीं, तरी तीं साठीच्या आंतलीं व धडधाकट असल्यास तेवढ्यानें त्या घरास कायद्याचें संरक्षण मिळत नाहीं.

या ओझ्यास कोठें तरी मर्यादा असावी, हें तेथील निरनिराळ्या पक्षांच्या सरकारांनीं वेळोवेळीं बोलून दाखविलें आहे. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगानें २०११ सालीं तशी शिफारस केली. २०१४ च्या कायद्यांत तिला जागा मिळाली, आणि ७२,००० पौंडांची मर्यादा २०१६ सालीं लागू व्हावयाची होती; ती पुढें ढकलली गेली व अखेर बारगळली. २०२१ सालीं ८६,००० पौंडांची नवी मर्यादा जाहीर झाली. ती २०२३ च्या ऑक्टोबरांत यावयाची होती, ती २०२५ वर गेली, आणि २०२४ च्या जुलैमध्यें ती योजनाच रद्द करण्यांत आली. शेजारच्या स्कॉटलंडनें मात्र २००२ सालापासूनच पासष्ट वर्षांवरील वृद्धांची अंगसेवा, म्हणजे न्हाऊं घालणें, भरविणें, कपडे बदलणें, विनामूल्य केली आहे. शुश्रूषागृहांतील राहण्याजेवण्याचा खर्च तेवढा ऐपतीप्रमाणें घेतात. एकाच राजमुकुटाखालीं अशा दोन रीति नांदत आहेत.

रेघेंतील खिडकी

इंग्लंडांतही रेघेच्या पलीकडून अलीकडे येण्यास एक खिडकी ठेवलेली आहे. ज्या माणसाची मुख्य गरज आरोग्याची आहे, त्याच्या शुश्रूषागृहाचा सर्व खर्च, राहण्याजेवण्यासुद्धां, आरोग्यसेवेनें द्यावा. मग त्याची मालमत्ता कितीही असो. या मदतीस तिकडे ‘कंटिन्युइंग हेल्थकेअर’ म्हणतात.

ही खिडकी उघडी राहिली याचें बरेंच श्रेय एका अपंग बाईच्या जिद्दीस आहे. पामेला कॉगलन यांचे हातपाय १९७१ सालच्या एका अपघातांत लुळे पडले. पुढें १९९३ सालीं त्यांना एक्झिटर येथील ‘मार्डन हाउस’ या गृहांत आणण्यांत आलें, आणि हें तुमचें जन्माचें घर, असें वचन देण्यांत आलें. कांहीं वर्षांनीं तेंच गृह बंद करण्याचें ठरलें, तेव्हां त्या न्यायालयांत गेल्या. १९९९ सालीं अपील न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. दिलेलें वचन असें मोडणें अन्याय्य होय, असें न्यायालयानें सांगितलें. आणि त्याबरोबरच, शुश्रूषा जेथें राहण्याच्या सोयीची केवळ जोड असेल, व कौन्सिलसारख्या संस्थेकडून अपेक्षितां येईल इतपतच असेल, तेथेंच ती कौन्सिलवर टाकतां येते, असा दंडक घालून दिला. त्यापलीकडची शुश्रूषा आरोग्यसेवेची. २००३ सालीं ऑम्बड्समननें, म्हणजे नागरिकांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र कचेरीनें, हा दंडक नीट न पाळल्यामुळें कित्येक वृद्धांकडून नाहक पैसे घेतले गेल्याचें उजेडांत आणलें. आणि २००७ च्या ऑक्टोबरपासून सर्व इंग्लंडास एकच नियमावलि लागू झाली.

तिचा क्रम असा. प्रथम ‘चेकलिस्ट’ नांवाची छोटी चाचणी होते. ती पार पडली कीं निरनिराळ्या शाखांचे जाणते लोक मिळून मोठी तपासणी करतात. श्वास, आहार, मलमूत्र, त्वचा, हालचाल, संभाषण, मनःस्थिति, बुद्धि, वर्तन, औषधें, शुद्ध हरपणें व इतर, अशीं बारा सदरें आहेत. प्रत्येक सदरांत गरज कोणत्या पायरीची आहे हें ठरवावयाचें. कांहीं सदरांत असलेली सर्वांत वरची पायरी एकदां जरी लागली, किंवा तिच्या खालची पायरी दोन सदरांत लागली, तर पात्रता उघड मानतात. एरवीं गरजेचें स्वरूप, तीव्रता, गुंतागुंत आणि अनिश्चितता या चार गोष्टी एकत्र पाहून निर्णय करावयाचा. चेकलिस्ट पोंचल्यापासून साधारणतः २८ दिवसांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा आहे. तो मान्य नसल्यास सहा महिन्यांच्या आंत फेरविचार मागतां येतो. त्यावर स्वतंत्र मंडळ, आणि त्याच्याही वर ऑम्बड्समन. रोगाचें नांव काय आहे यास महत्त्व नाहीं. गरज किती आहे यास आहे.

वाचतांना हें सारें नीटनेटकें वाटतें. प्रत्यक्षांत, मृत्युशय्येवरील रोग्यांचे तांतडीचे अर्ज सोडले, तर तपासणी झालेल्यांपैकीं बहुसंख्य लोक अपात्र ठरतात. असें कां होतें हें समजण्यास कायद्याच्या पुस्तकापेक्षां एका घराची हकीकत अधिक उपयोगी पडेल.

“हो, जेवतात कीं!”

आमच्या नात्यांतील एक गृहस्थ १९६८ सालीं पुण्याहून वैद्यकाची पदवी घेऊन इंग्लंडांत गेले, आणि तेथील वृद्धरोगविभागांत तीस वर्षें नोकरी करून निवृत्त झाले. ते वारल्यानंतर काकू एकट्याच राहत. मुलगा व सून त्याच गांवांत वेगळ्या बिऱ्हाडीं होतीं. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीं काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवें अंग लुळें पडलें, आणि दोन वर्षें चाहूल देत असलेला स्मृतिभ्रंश एकदम बळावला. पन्नास वर्षें सराईतपणें बोललेलें इंग्रजी पार पुसलें गेलें; उरली ती मराठी, आणि तीही माहेरच्या ओटीवरची.

सहा आठवड्यांनीं इस्पितळानें सांगितलें कीं, उपचार संपले, आतां शुश्रूषागृह पाहा. घरीं नेण्याचा विचार मुलासुनेनें केला नाहीं असें नाहीं. पण काकूंना उचलण्यास एका वेळीं दोन माणसें लागत, रात्रीं दर दोन तासांनीं कूस बदलावी लागे, आणि दोघांच्याही नोकऱ्या होत्या. शुश्रूषागृहाचा खर्च आठवड्यास बाराशे पौंडांहून अधिक होता. चेकलिस्टचें नांवही कोणी काढलें नाहीं. “घर आहे ना त्यांचें? मग खर्च त्यांनींच द्यावयाचा,” एवढेंच उत्तर मिळालें. पुढें सुनेच्या एका परिचारिका मैत्रिणीनें या मदतीची गोष्ट सांगितली, तेव्हां अर्ज झाला, छोटी चाचणी पार पडली, आणि मोठ्या तपासणीचा दिवस ठरला.

तपासणीस आलेल्या बाई सौजन्यशील होत्या. त्यांनीं विचारलें, “सासूबाई जेवतात का?”

सून म्हणाली, “हो, जेवतात कीं!”

“रात्रीं झोंपतात?”

“तशा शांत असतात.”

“कांहीं त्रास देतात का?”

“छे, त्रास कसला!”

यांत खोटें कांहींच नव्हतें. काकू जेवत, पण प्रत्येक घांस कुस्करून व प्रत्येक घोट दाट करून द्यावा लागे, ठसका लागूं नये म्हणून एक जण सारखें तोंडाकडे पाहत बसे, आणि एका जेवणास पाऊण तास लागे. रात्रीं त्या शांत असत. कारण कूस बदलणारी परिचारिका वेळच्या वेळीं येई, आणि औषधाची मात्रा डॉक्टर वरचेवर येऊन पाहून ठरवीत. त्रास देत नसत. पण न्हाऊं घालतांना परका हात लागला कीं त्या किंचाळत व मिळेल तें घट्ट धरून ठेवीत. सून जवळ जाऊन “आई, मी आहें हो,” असें मराठींत म्हणाली कीं निवत. म्हणून न्हाणें सुनेच्या येण्याच्या वेळींच ठेवलेलें होतें. सुनेच्या लेखीं यांत सांगण्याजोगें कांहीं नव्हतें. सासूचीं उणींदुणीं चारचौघांत, तींही परक्या अधिकाऱ्यापुढें, काढावयाचीं नाहींत, हें तिच्या आईनें तिला शिकविलें होतें.

कागदावर नोंद झाली : आहार साधारण, झोंप ठीक, वर्तनाची अडचण नाहीं. अर्ज नामंजूर झाला. गरजा नित्याच्या आहेत व शुश्रूषागृहांत त्या व्यवस्थित भागविल्या जात आहेत, असें कारण देण्यांत आलें.

या सर्व प्रकरणाचें मर्म येथें आहे. सेवा जितकी चांगली, तितकी गरज दिसेनाशी होते. पाठीस जखम होऊं दिली नाहीं, म्हणून त्वचेची काळजी नको. ठसका लागूं दिला नाहीं, म्हणून आहाराची अडचण नाहीं. हा न्याय म्हणजे धरण फुटलें नाहीं, तेव्हां नदीस पाणीच नसावें, असें म्हणण्यासारखा आहे. आणि हें केवळ आमचेंच मत नव्हे. नीट सांभाळलेली गरज हीदेखील गरजच होय, आणि ती सांभाळली जात आहे एवढ्यावरून मदत नाकारूं नये, असें त्या नियमावलींतच स्पष्ट सांगितलें आहे. नियम होता, त्या दिवशीं त्याची आठवण करून देणारें कोणी नव्हतें.

एक साधी वही

सुनेनें मग एक वही घातली. दुधाचा किंवा वाण्याचा हिशेब ठेवावयाची असते तसलीच ती साधी वही होती. सहा आठवडे तिनें रोजच्या रोज नोंद केली. कोणत्या वेळीं काय झालें, किती माणसें लागलीं, किती वेळ गेला, आणि तें केलें नसतें तर काय झालें असतें, असे चार रकाने होते. हा शेवटचा रकानाच सर्वांत मोलाचा ठरला. एका मंगळवारीं नवख्या नोकराकडून चहा दाट करावयाचा राहिला. तीन घोटांत ठसका लागला, ओंठ निळे पडले, आणि दोन दिवसांनीं न्यूमोनियाचा ताप भरला. बारा सदरांतील ‘आहार’ या एका शब्दाचा अर्थ त्या तीन ओळींत होता.

शुश्रूषागृहाच्या दैनंदिन नोंदींच्या प्रती मागून घेतल्या. आईच्या वतीनें त्या मागण्यास मुलास अडचण पडली नाहीं, कारण काकूंनीं बुद्धि शाबूत असतांनाच त्याच्या नांवें कुलमुखत्यारपत्र करून ठेवलें होतें. डॉक्टरांचें व गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांचें पत्र जोडलें, बारा सदरांचीं बारा पानें केलीं, आणि सहा महिन्यांची मुदत संपण्यास तीन आठवडे असतां फेरविचाराचा अर्ज दिला.

या काळांत नात्यांतून काय बोललें गेलें, तेंही सांगितलें पाहिजे. “आईला परक्यांच्या हातीं दिलीस, आणि वर सरकारपुढें हात पसरतोस?” असा एका वडील माणसाचा सवाल पुण्याहून आला. दुसऱ्या कोणी मागल्या दारानें म्हटलें, “आईचें काय, घर वांचविण्याची खटपट आहे ही.” पहिला सवाल मनास लागणारा आहे, पण त्याचें उत्तर कठीण नाहीं. हक्क मागणें व हात पसरणें या भिन्न गोष्टी आहेत. काकांनीं तीस वर्षें परक्यांच्या आईबापांची शुश्रूषा केली, दोघांनीं कर भरला, हें खरेंच; पण काकूंचा हक्क त्यामुळेंही आलेला नाहीं. तो त्यांच्या गरजेमुळें आलेला आहे, आणि उद्यां एखाद्या निराधार बाईची गरज तेवढीच असेल तर तिचाही तो तेवढाच आहे.

दुसरा आरोप मात्र नुसता झटकून टाकण्याजोगा नाहीं. ज्या तरुणास स्वतःचें घर घेणें आज शक्य होत नाहीं, त्यानें कर भरावा, आणि त्या करांतून दुसऱ्याच्या मुलास वडिलार्जित घर वांचवून द्यावें, हें न्याय्य आहे का? प्रश्न रास्त आहे. ज्याची ऐपत अधिक त्यानें अधिक द्यावें, हें तत्त्व आम्हांसही मान्य आहे. परंतु मग तें सर्व रोगांस सारखें लागू असावें. त्याच आळींत राहणाऱ्या, तेवढ्याच किंमतीचें घर असलेल्या शेजाऱ्यास कर्करोग झाला, तर शस्त्रक्रिया, औषधें व इस्पितळांतील मुक्काम यांबद्दल त्याच्या घराची किंमत कोणी विचारीत नाहीं. रोग मेंदूस झाला, आणि त्यावर शस्त्रक्रिया नसून केवळ रात्रंदिवस सांभाळच करतां येतो, म्हणजे मात्र ती विचारतात. हा भेद ऐपतीचा नाहीं, रोगाचा आहे. आणि आपला रोग कोणी निवडून घेत नाहीं.

फेरविचारास नऊ महिने लागले. काकूंची शिल्लक संपत आली होती, आणि घर विकावयाचें कीं त्यावर बोजा चढवावयाचा याची बोलणीं चाललीं होतीं. अखेर त्या न्यूमोनियाच्या तारखेपासूनचा खर्च मंजूर झाला. त्यापूर्वींच्या महिन्यांचा काकूंच्याच माथीं राहिला. म्हणजे यश पुरतें नाहीं. शिवाय ही मंजुरी कायमची नसते. तीन महिन्यांनीं, व पुढें निदान वर्षांतून एकदां, पाहणी व्हावयाची असते; म्हणून वही अजून चालूच आहे. सून आम्हांस म्हणाली, “पैसे मिळाले त्याचें बरें वाटलें. पण आईंना दिवसभर काय काय होत असतें, तें वही लिहूं लागल्यावर मलाच प्रथम कळलें.”

ज्यांचे आप्त तिकडे आहेत त्यांस

अशा कुटुंबांस उपयोगी पडतील अशा चार गोष्टी येथें सांगून ठेवतों. वडील मंडळींची बुद्धि शाबूत आहे तोंवरच कुलमुखत्यारपत्र करून घ्यावें. २००७ च्या ऑक्टोबरपासून तेथें तें दोन प्रकारचें असतें, एक पैशाअडक्याचें व दुसरें प्रकृतीचें, दोन्ही करावींत. बुद्धि गेल्यावर तीं करतां येत नाहींत, आणि मग न्यायालयाची पायरी चढावी लागते.

दुसरें, ‘घर आतांच मुलाच्या नांवावर करून टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. खर्च चुकविण्याच्या हेतूनें तसें केलें असें कौन्सिलास दिसून आलें, तर तें घर जणुं काय अजून त्या वृद्धाचेंच आहे असें धरून हिशेब करतां येतो. असल्या युक्तीनें खर्च टळत नाहीं, आणि वृद्धाचा हक्काचा निवारा मात्र जातो.

तिसरें, इस्पितळांतून निघाल्यावर, कायमचें शुश्रूषागृह ठरण्यापूर्वीं, चेकलिस्ट झाली कीं नाहीं हें लेखी विचारावें. मोठ्या तपासणीच्या वेळीं घरचें माणूस हजर असावें, आणि वृद्धाची भाषा मराठीवर आली असेल तर दुभाषा मागावा. ‘जेवतात’ असें न सांगतां ‘कोणाच्या हातानें, कशा प्रकारें व किती वेळांत जेवतात’ तें सांगावें. प्रकृति झपाट्यानें ढांसळून अंत जवळ आला असेल, तर डॉक्टर किंवा परिचारिका यांच्या दाखल्यावरून, मोठ्या तपासणीशिवाय, तांतडीनें मदत मिळण्याचा वेगळा मार्ग आहे. तो आवर्जून विचारावा.

चौथें, पूर्ण मदत नाकारली गेली तरी, ज्या गृहांत नोंदणीकृत परिचारिका असते तेथें राहणाऱ्याच्या शुश्रूषेपुरती ठराविक रक्कम, ऐपत न पाहतां, आरोग्यसेवा त्या गृहास देते. २०२५-२६ सालीं ती आठवड्यास २५४.०६ पौंड होती. मासिक खर्चाच्या मानानें ती थोडी असली, तरी सोडून देण्याजोगी खास नाहीं.

आपल्या घरची रेघ

येथवर वाचून, ‘हें सारें परदेशांतलें, आमचा त्याशीं काय संबंध?’ असें कोणी म्हणेल. पण तीच रेघ आपल्याकडेही आहे, फक्त तिच्यावर भांडण्याइतकी मदतच अद्याप आपणांस ठाऊक नाहीं. २००७ च्या आईबाप व ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाच्या कायद्यानें पोषणाचा भार मुलांवर ठेवला. आणि राज्य सरकारांनीं प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० वृद्धांची सोय होईल अशीं गृहें टप्प्याटप्प्यानें काढावींत असें सांगितलें, तीं निर्धनांसाठीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत सत्तर वर्षांवरील सर्वांस, मिळकत न पाहतां, वर्षास कुटुंबामागें पांच लाख रुपयांपर्यंतच्या इस्पितळांतील उपचारांची हमी आयुष्मान भारत योजनेंत मिळाली. ही मोठीच सोय झाली. परंतु इस्पितळांतून घरीं परतल्यावर जी दोन-चार वर्षें अंथरुणाशेजारीं काढावीं लागतात, तीं याही हिशेबांत नाहींत. येथेंही आजार एका बाजूस आणि सांभाळ दुसऱ्या बाजूस.

म्हणून ती साधी वही आपल्या घरींही घालण्याजोगी आहे. सरकार तिच्यावरून आज कांहीं देणार नाहीं. पण डॉक्टरास ती उपयोगी पडेल. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, एका सुनेच्या हातून दिवसास किती तास जातात, हें दूर राहणाऱ्या दिरांना व नणंदांना ती न भांडतां दाखवील. तिकडील अधिकाऱ्यांस चांगल्या सेवेमागची गरज दिसली नाहीं म्हणून आपण त्यांस दोष देतों. आपल्याच माजघरांतील तीच गोष्ट आपणांस किती दिसते, हेंही आमच्या वाचकांनीं एकदां घरांत बसून पाहावें.